हात न लावलेली संध्याकाळ

मुकादमांच्या हाताखाली मी एकोणीस वर्षं काम केलं. आम्ही खलाशी. जहाजावरचे नव्हे. क्रेनला ओझं बांधायचं, ते उचललं जाऊन जागेवर टेकेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवायची, हे आमचं काम. बांधणं सोपं असतं, नजर ठेवणं अवघड. माणूस नऊ वेळा दुसरीकडे बघतो, नऊ वेळा काही होत नाही, म्हणून तो दहाव्यांदाही बघतो. मुकादम एकदाही बघत नसत.

कामावर त्यांना तीन शब्द पुरत. 'हबेस' म्हणजे उचल. 'आरिया' म्हणजे हळूहळू खाली सोड. आणि 'बस' म्हणजे थांब, आहेस तिथे, खोकूसुद्धा नकोस. क्रेनवाला उंचावर त्याच्या काचेच्या खोलीत बसलेला असे, खाली पत्रे ठोकणं चाललेलं असे, तरी मुकादमांचं 'बस' त्याला पहिल्या हाकेत पोचायचं.

हेच तीन शब्द घरीही चालत. मुलीला सकाळी 'हबेस' म्हणून उठवत. माळ्यावरचा डबा वहिनी काढायला लागल्या की खालून 'आरिया, आरिया' चालू. फक्त 'बस'चा दुसरा अर्थ त्या घरात बंद होता. आलेल्या माणसाला 'बसा' म्हणायचं नाही, 'टेका' म्हणायचं. मुकादमांचं म्हणणं असं, की एका शब्दाला दोन कामं दिली की एक ना एक दिवस कुणाचा तरी पाय जातो. पाहुण्यांना हे चमत्कारिक वाटे. मी शेजारच्याच खोलीत राहत होतो. दोन महिन्यांत मीही टेकायला लागलो.

मुलगी एकच. जन्मली तेव्हा इतकी बारकी होती, की मुकादमांनी तिचं नाव वायसर ठेवलं. नटाखाली बसते ती चपटी चकती. वहिनी आठवडाभर बोलल्या नाहीत, मग त्याही वायसरच म्हणायला लागल्या. वायसर शिकली, दवाखान्यात हाडांचे फोटो काढायच्या यंत्रावर कामाला लागली, आणि मुकादम निवृत्त झाले त्याच वर्षी तिला लांबची नोकरी लागली. बुधवारी निघायचं होतं. दोन वर्षं सुट्टी मिळणार नव्हती.

त्याच्या आधीच्या शनिवारी मेळा होता.

पाऊस संपून जमीन वाळली आणि झाडांची पानं गळायला लागली, की आमच्या वसाहतीमागच्या मैदानात चार दिवस मेळा भरतो. तंबू, दुकानं, खेळ, उंच पाळणा. मुकादम दरवर्षी बायको-मुलीला घेऊन जात. म्हणजे मैदानाच्या तोंडापर्यंत बरोबर जात. पुढे त्यांना काहीतरी दिसे. एका वर्षी तंबूचा खांब वाऱ्याने डोलताना दिसला. तो त्यांनी दोन तास धरून ठेवला, कारण तंबूवाला 'आलोच' म्हणून गेला होता. एका वर्षी पाळण्याच्या पायाखालचा ओंडका मातीत रुतलेला दिसला, तर तो उकरून बसवण्यात अंगावरचा धुतलेला सदरा आणि विजार मातीने माखली. कष्ट खरे होते, त्यात मी खोट काढणार नाही. पण कुणी सांगितलेले नव्हते.

शुक्रवारी संध्याकाळी वायसरने फोटोंची वही काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"मेळ्यातले सात फोटो आहेत, बाबा. चारांत तुमची पाठ आहे. एकात नुसते पाय."

"हे माझे पाय नव्हेत," मुकादम म्हणाले.

"तुमचेच आहेत. बुटाला तारेने शिवलंय."

मुकादमांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "हां. माझेच."

"उद्या एक संध्याकाळ मला द्या. कशालाही हात लावायचा नाही. फिरायचं, खायचं आणि पाळण्यात माझ्या शेजारी बसून चार फेऱ्या घ्यायच्या. एवढंच न्यायचंय मला बरोबर."

"आणि काही पडत असलं तर?"

"पडू दे."

"कुणाच्या अंगावर पडत असलं तर?"

"माणसांना पाय असतात. सरकतील ती."

मुकादम विचारात पडले. "बोललेलं चालेल?"

"बोला. जीभ म्हणजे हात नव्हे." मग ती माझ्याकडे वळली. "काका, तुम्हालाही हीच अट. तुम्ही म्हणजे ह्यांचेच जादा हात."

मी कबूल केलं. मुकादमांनी थोडा वेळ घेतला आणि कबूल केलं. शब्द दिला की ते तो मोडत नाहीत. म्हणूनच देताना वेळ घेतात.

शनिवारी चारला आम्ही चौघं निघालो. ऊन उतरतीला लागलं होतं. मुकादमांनी घरातूनच दोन्ही हात खिशात घातले होते. त्यांना तशी सवय नाही, त्यामुळे कुणीतरी मागून धरून चालवत असल्यासारखे दिसत होते.

मैदानाच्या तोंडाशी स्वागताचा फलक एका बाजूने तीन बोटं खाली लोंबत होता. मुकादमांनी बघितला. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. ते फलकाखालून गेले.

पहिल्या तंबूच्या दोरीला कुणीतरी बुटाच्या नाडीसारखी गाठ मारली होती. मुकादमांच्या खिशात काहीतरी हललं.

"हात शिवशिवतायत का?" वहिनींनी विचारलं.

"चिल्लर चाचपत होतो."

सरबताच्या दुकानात टेबलाचा एक पाय आखूड होता. प्रत्येक पेला ठेवला की टेबल मान डोलवायचं. मुकादमांनी सरबत उभ्याने प्यायलं, टेबलाकडे पाठ करून. मी त्यांना साडेतीन टनांचं ओझं तारेवर लटकत असताना पाहिलं आहे. तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम नव्हता.

पाळण्यापाशी पोचायला आम्हाला पाऊण तास लागला. बारा पाळण्यांचं चक्र, चाळीस फूट उंच, इंजिनावर चालणारं. इंजिनाचा पट्टा एका मोठ्या चाकावरून फिरे आणि ते चाक पाळणा फिरवी. पाळणेवाली पन्नाशीची बाई होती, दंडाने भक्कम. तिच्या हातात लाकडी दांड्याचा ब्रेक. ती एकेक पाळणा खाली घेऊन माणसं भरत होती आणि इंजिनाशी उभ्या नवऱ्याला सांगत होती, "आरिया. आरिया. बस."

मुकादम थांबले. "तुम्ही खलाशांतल्या का?"

"बाप होता," ती म्हणाली. "मी अकरा वर्षं खालून इशारे दिले. तुम्ही?"

"चौतीस."

तिने मान लववली. नवरा डिझेल आणायला निघून गेला. त्या खेपेला गर्दी कमी होती. एकाच घरातली आठ माणसं आली होती आणि त्यांना एकमेकांना खेटूनच बसायचं होतं. तिने त्यांना ओळीने चार पाळण्यांत बसवलं. सगळ्यांत पुढच्या पाचव्या पाळण्यात वायसर आणि वहिनी. एका पाळण्यात दोघंच मावत. ठरलं असं, की वायसरने आधी आईबरोबर बसायचं, मग बाबांबरोबर.

"वजन सगळं एका अंगाला येतंय," मुकादम म्हणाले. "एक आड एक बसवा."

"ऐकतायत कुठे," ती म्हणाली. "हाताला धरून यांना रिकाम्या पाळण्यांत बसवू का?"

तिने इंजिन जोडलं. चक्र फिरायला लागलं. भरलेली बाजू वर चढताना इंजिन कण्हायचं, उतरताना पळायचं. मुकादम प्रत्येक वेळी इंजिनाबरोबर श्वास घेत होते.

दुसऱ्या फेरीत वहिनींचा पाळणा वर चढत असताना त्यांना वसाहतीच्या पत्र्यांमागे त्यांची खोली दिसली. "अगं, आपली खिडकी उघडीच राहिली," त्या म्हणाल्या, आणि नीट दिसावं म्हणून उभ्या राहिल्या. चालत्या पाळण्यात, दांडी सोडून.

खालून मुकादम ओरडले, "बस!"

चौतीस वर्षांत हा शब्द त्यांनी त्या अर्थाने पहिल्यांदाच वापरला. नवऱ्याने बायकोला सांगावा तसा, साधा. टेक, खाली हो, पडशील. पण आवाज कामावरचा निघाला. आणि पाळणेवाली खलाशाची पोर. तिने वळूनही बघितलं नाही. अंगातलं सगळं वजन टाकून ब्रेक ओढला.

चक्र जागच्या जागी थांबलं. वहिनी बसल्या. शब्दाचे दोन्ही अर्थ एकदम लागू पडले.

ब्रेकमुळे चाक थांबलं, पण इंजिन ओढतच होतं. पट्टा चाकावरून उतरला आणि सापासारखा पायाशी येऊन पडला. पाळणेवालीने पायानेच इंजिनाची कळ मारली. सगळं शांत झालं. वरून आठ माणसं एकदम बोलायला लागली.

"तुम्ही बस म्हणालात," पाळणेवाली म्हणाली.

"बायकोला म्हणालो."

"मग तसं म्हणायचं ना."

मुकादमांनी वर बघितलं. चूक त्यांची होती, आणि तीही त्यांनीच घरात बंदी घातलेली. खालचा पाळणा जमिनीपाशी होता. त्याच्या वर ओळीने तीन, आणि सगळ्यांत वर, टोकापासून दोन घरं, म्हणजे दोन पाळणे, अलीकडे, वायसर आणि वहिनी. सगळं वजन चढत्या बाजूला. पाळणेवालीने ब्रेक सोडला असता तर चक्र उलटं भिरभिरत आलं असतं. ब्रेक न सोडता पट्टा चढवता येत नव्हता. नवरा डिझेलला गेलेला.

मुकादमांचे हात खिशातून मनगटापर्यंत बाहेर आले.

"बाबा," वरून आवाज आला, "हात."

हात आत गेले.

"अगं, चुलीत घाल ती अट," वहिनींचा आवाज. "मला खाली घ्या आधी."

"शब्द दिलाय त्यांनी, आई."

"तुला नोकरी लागलीय, मला पाळणा लागलाय."

मी मुकादमांकडे बघितलं. ते माझ्याकडे नाही, रांगेकडे बघत होते. रांगेत सहा-सात जण होते. मुकादमांनी ते असे न्याहाळले, जसे कामावर भरती करताना न्याहाळायचे. मग चौघांना पुढे बोलावलं. एक शेंगदाणेवाला, एक शिंपी, भूगोल शिकवणारे एक मास्तर आणि मास्तरांच्या सासूबाई. सासूबाईंना मास्तरांनी अडवलं. मुकादम म्हणाले, "येऊ द्या. पाय बघा कसे रोवलेत. तुमचे बघा."

पाळणेवालीकडे अडीअडचणीला जाड दोर होता, टोकाला लोखंडी आकडा असलेला. मुकादमांनी खिशात हात ठेवून काम सुरू केलं. मास्तरांना आकडा चक्राच्या नळीत अडकवायला सांगितलं. मास्तरांनी तो उलटा अडकवला. पुन्हा अडकवायला सांगितलं. दोराला पाळण्याच्या जाड पायाभोवती दोन वेढे घ्यायला लावले.

"गाठ मारू?" शिंप्याने विचारलं.

"गाठ मारलीत तर तिथेच संसार थाटायचा," मुकादम म्हणाले. "वेढाच. दोर वेढ्याला धरू द्या, तुम्ही फक्त शेपूट धरा. मी आरिया म्हटलं की वीतभर सोडायचा. बस म्हटलं की धरायचा. खाली टेकायचं नाही कुणी."

पद्धत साधी होती. वजन ज्या बाजूला, ती बाजू आपोआप खाली येते. तिला दोराने मागे धरून एकेक घर येऊ द्यायचं, खाली आलेला पाळणा रिकामा करायचा, पुढचं घर. सर्वांत वरचा पाळणा सर्वांत शेवटी. म्हणजे वहिनी शेवटी. हे त्यांना वरून कळलं होतं, पण त्यांनी पुन्हा विचारून घेतलं.

खालच्या पाळण्यातली दोघं उतरली. "आरिया," मुकादम म्हणाले. पाळणेवालीने ब्रेक जरा सैल केला. दोर वेढ्यातून करकरत सरकला. दुसरा पाळणा खाली आला. बस. माणसं उतरली. तिसरा आला. शेंगदाणेवाला मन लावून काम करत होता. सासूबाई उत्तम. मास्तर दोर धरण्यापेक्षा दोराबद्दल बोलत जास्त होते. मी बाजूला उभा होतो, हात पाठीमागे बांधून. आयुष्यात पहिल्यांदा मी बघ्या होतो आणि ते काम दोर ओढण्याहून जड आहे, हे मी कबूल करतो.

चौथा पाळणा येताना शिंप्याच्या तळव्याला दोर घासला आणि त्याने हात झटकले. ते बघून मास्तरांनीही सोडला. दोर झरझर पळायला लागला. पाळणेवाली ब्रेक ओढेपर्यंत वर पाळण्याला गचका बसला आणि वहिनींनी मुकादमांना नावाने हाक मारली. ते नाव मी त्यांच्या तोंडून एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

मुकादमांचे खांदे उचलले गेले. एवढं मी पाहिलं. मग त्यांनी एक ढांग टाकली आणि बूट दोराच्या शेपटीवर रोवला. सगळ्या अंगाचा भार टाचेवर. वेढा आवळला गेला. दोर थांबला. हात खिशातच होते.

"बस," ते हळू आवाजात म्हणाले. म्हणायची आता गरज नव्हती.

पुढचं काम त्यांनी दोरावर उभं राहूनच करवून घेतलं. पाच मिनिटांनी शेवटचा पाळणा जमिनीशी आला. वायसर उतरली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, तरी तिने पहिली नजर बापाच्या खिशांकडे टाकली.

"पाय लावला," मुकादम म्हणाले. "पायाचं काही ठरलं नव्हतं."

वहिनी उतरल्या, चप्पल नीट केली, शेंगदाणेवाल्याचे आभार मानले, सासूबाईंचे मानले, शिंप्याचा तळहात बघितला. मग नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"परक्या माणसांनी मला खाली उतरवलं. माझं माणूस खिशात हात घालून उभं होतं."

"शब्द दिला होता," मुकादम म्हणाले.

"मलाही दिला होता कधीतरी. त्यात काय काय होतं, आठवतंय का?"

मुकादमांनी बुटाकडे बघितलं. ते आठवून बघत असावेत. वायसर दोघांच्या मधे उभी राहिली आणि म्हणाली, "आई, चूक माझी. मी वरून ओरडायला नको होतं."

"ओरडलीस ते ओरडलीस," वहिनी म्हणाल्या. "आता त्यांना पाळण्यात बसव. नाहीतर मी उगीच लटकले."

पाळणेवालीचा नवरा डिझेल घेऊन आला. नवरा-बायकोने मिळून पट्टा चढवला. ह्या वेळी तिने माणसं एक आड एक बसवली आणि कुणी कुरकुर केली तर पट्ट्याकडे बोट दाखवलं. मुकादम आणि वायसर समोरच्याच पाळण्यात बसले. मी आणि वहिनी खाली थांबलो.

चक्र फिरलं. पहिल्यांदा खाली आले तेव्हा मुकादमांनी दांडी दोन्ही हातांनी धरली होती. दुसऱ्यांदा आले तेव्हा डोळे मिटलेले होते. तिसऱ्यांदा ते बसल्या जागी अर्धे झाल्यासारखे दिसले.

"ह्यांना काय झालं?" वहिनींनी विचारलं.

मला सांगता येईना. नव्वद फुटांवर वीतभर रुंदीच्या तुळईवर बसून ह्या माणसाला डबा खाताना मी पाहिलं आहे. नंतर लक्षात आलं, तेव्हाही हातात डबा होता.

वर काय झालं ते वायसरने दुसऱ्या दिवशी सांगितलं. पहिल्या फेरीत टोकाला पोचल्यावर मुकादम म्हणाले, "खाली आलो की सांग." तिला गंमत वाटली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. डोळे घट्ट मिटलेले होते. तिने हात धरला नाही, त्यांनी धरू दिला नसता. ती दिसेल ते सांगत राहिली. आता वसाहतीचे पत्रे दिसतायत. आपली खिडकी उघडी आहे. कारखान्याची चिमणी. रस्त्यावर पिवळी पानं, झाडू मारणारा एकच माणूस. आता उतरतोय. आता काका दिसले, तोंड उघडं टाकून बघतायत. आता पुन्हा वर. मुकादम डोळे मिटून प्रत्येक गोष्टीला 'हं' म्हणत होते. झाडूवाल्याचं ऐकून म्हणाले, "वाऱ्याच्या दिशेने मारतोय का?" तिने बघून सांगितलं, नाही. "मग दिवसभर मारेल," ते म्हणाले.

पाळणेवालीने चाराऐवजी सहा फेऱ्या दिल्या. तिचा हेतू चांगला होता.

खाली आल्यावर मुकादम पाळण्यातून उतरले आणि जमिनीवर दोन्ही पाय आळीपाळीने दाबून बघितले.

"घाबरला होतात, बाबा?" वायसरने विचारलं. थट्टेने नाही.

"हात रिकामे होते," मुकादम म्हणाले. "काम नसताना मी कधी वर गेलोच नव्हतो."

वायसरने त्यांच्याकडे बघितलं. मग त्या उंच चक्राकडे, मग दोन दुकानांपलीकडच्या त्या तंबूकडे, ज्याच्या दोरीला नाडीची गाठ होती. मला वाटलं, आता ती त्यांना मोकळं करेल. जा बाबा, बांधा ती गाठ, असं म्हणेल. मुकादमांनाही तसं वाटलं असावं, कारण त्यांचा उजवा हात खिशातून निम्मा बाहेर आला.

"आणखी एकदा बसायचं?" ती म्हणाली. "माझ्यासाठी नको. खरं सांगा."

मुकादमांनी वेळ घेतला.

"डोळे उघडे ठेवता येतात का, बघू," ते म्हणाले.

दोघं जाऊन रांगेच्या शेपटाला उभी राहिली. पुढे चौदा माणसं होती. भूगोलाचे मास्तर मुकादमांना दोर कसा धरायचा ते समजावत होते, आणि ते, दोन्ही हात खिशात घालून, ऐकून घेत होते.